एमपीआय विंडोचं नाव कसं मिळवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमपीआयमध्ये (अनेक प्रोसेसनी एकमेकांशी संवाद साधायचं स्टँडर्ड) वन-साइडेड कम्युनिकेशन (एका प्रोसेसनं दुसरीच्या मेमरीत थेट लिहिणं-वाचणं) वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे पुट, गेट आणि अॅक्युम्युलेट यांच्यावर ज्यांचा प्रोग्राम उभा आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. विंडोला नाव देणं आणि ते परत मिळवणं ही दोन छोटी फंक्शनं बहुतेक जण कधीच वापरत नाहीत. मीसुद्धा बरीच वर्षं वापरली नाहीत आणि त्याचे दोन दिवस मोजले. ती हकीकत पुढे येईलच.

फंक्शनांची नावं इथे उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून येतात. सी भाषेत ‘एमपीआय’ची तिन्ही अक्षरं मोठी, त्यापुढच्या ‘विन’चं पहिलं अक्षर मोठं आणि बाकी सगळी छोटी. विन-गेट-नेम लिहिताना गेटचं किंवा नेमचं पहिलं अक्षर मोठं केलंत, तर कंपायलर ‘असं फंक्शनच नाही’ म्हणून अडतो. फोर्ट्रानला लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही.

विंडो म्हणजे नक्की काय? ती मेमरी आहे की हँडल?

दोन्ही गोष्टी आहेत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रत्येक प्रोसेस आपल्या मेमरीचा एक तुकडा बाकीच्यांसाठी उघडा करते. असे सगळ्यांचे तुकडे मिळून जी एक वस्तू तयार होते ती विंडो. तुमच्या कोडमध्ये मात्र फक्त तिचं हँडल, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारी खूण असते. ते छापलंत तर एखादा निरर्थक आकडा किंवा पत्ता दिसतो, आणि तो प्रत्येक रँकवर (म्हणजे क्रमांक दिलेल्या प्रत्येक प्रोसेसवर) वेगळा असू शकतो.

१९९४ च्या पहिल्या एमपीआय स्टँडर्डमध्ये विंडो नव्हत्या. त्या १९९७ च्या एमपीआय-२ मध्ये आल्या, आणि कम्युनिकेटर (म्हणजे प्रोसेसचा गट), डेटाटाइप आणि विंडो यांना नाव द्यायची सोयही त्याच आवृत्तीत आली. पुढे २०१२ च्या एमपीआय-३ मध्ये विन-अलोकेट, विन-अलोकेट-शेअर्ड आणि विन-क्रिएट-डायनॅमिक आले. एका प्रोग्राममध्ये पाच-सात विंडो असणं तेव्हापासून अगदी नेहमीचं झालं, आणि नावाची खरी गरजही तेव्हापासून भासू लागली.

नाव मिळवायचं कसं?

विन-गेट-नेमला तीन गोष्टी द्यायच्या: विंडोचं हँडल, नाव लिहून घेण्यासाठी अक्षरांचा बफर, आणि लांबी ठेवण्यासाठी एका पूर्णांकाचा पत्ता. फंक्शन नाव बफरमध्ये लिहितं, लांबी त्या पूर्णांकात ठेवतं आणि एमपीआय-सक्सेस परत करतं.

नाव आधी दिलेलं असायला हवं. त्यासाठी विन-सेट-नेम आहे, त्याला हँडल आणि नाव एवढंच द्यायचं. एकदा दिलेलं नाव नंतर बदलता येतं. दुसरं नाव दिलं की पहिलं पुसलं जातं.

सी भाषेत मिळालेली लांबी शेवटचा शून्य बाइट सोडून मोजलेली असते. ‘तापमान’ असं नाव रोमन लिपीत टी, ए, पी, ए, एम, ए, एन अशा सात अक्षरांत लिहिलंत, तर लांबी सात येते आणि आठव्या जागी शून्य असतो. त्यामुळे बफर थेट प्रिंटएफला दिला तरी चालतं.

बफर किती मोठा घ्यायचा?

एमपीआय-मॅक्स-ऑब्जेक्ट-नेम हा स्थिरांक वापरा. दुसरा कुठलाही आकडा वापरू नका, अगदी ‘माझी नावं वीस अक्षरांपलीकडे जात नाहीत’ याची खात्री असली तरीही.

फंक्शनला तुमच्या बफरचा आकार कळायला मार्गच नाही, कारण तीनपैकी एकाही जागी तो आपण सांगत नाही. स्टँडर्ड म्हणतं की जागा निदान या स्थिरांकाइतकी हवी, म्हणजे लायब्ररीला तेवढी सगळी जागा वापरायची मुभा आहे. सी भाषेतलं एसटीआरएन-कॉपी हे फंक्शन लहान स्ट्रिंग कॉपी करतानाही उरलेली जागा शून्यांनी भरतं. लायब्ररीनं आतून असं काही वापरलं आणि तुमचा बफर २० बाइटचा असला, तर स्टॅकवरच्या शेजारच्या व्हेरिएबलवर शून्यं पडतील. मग प्रोग्राम तिसऱ्याच ठिकाणी पडतो आणि तुम्ही तिथे शोधत बसता.

स्थिरांकाची किंमत निदान ६४ असावी असं बंधन आहे. ओपन एमपीआय आणि एमपिच या दोन लायब्रऱ्यांपैकी पहिलीत ती नेहमीच्या बिल्डला ६४ असते, दुसरीत १२८. सी भाषेत एक जागा शेवटच्या शून्याला जाते, त्यामुळे हाताशी राहतात ६३ किंवा १२७ बाइट. नाव यापेक्षा लांब असलं तर ते मुकाट्यानं कापलं जातं, एरर येत नाही. एमपिचवर पूर्ण दिसणारं नाव ओपन एमपीआयवर अर्धंच दिसलं, तर कारण हेच.

नाव दिलंच नव्हतं. मग काय परत येतं?

स्टँडर्डप्रमाणे रिकामी स्ट्रिंग, लांबी शून्य. ती वैध स्ट्रिंगच असते, म्हणून न तपासता छापली तरी काही बिघडत नाही. कम्युनिकेटरची गोष्ट थोडी वेगळी आहे. कॉम-वर्ल्ड आणि कॉम-सेल्फ यांना त्यांचीच नावं आधीपासून चिकटवलेली असतात. तुम्ही बनवलेल्या विंडोला स्टँडर्ड असं कुठलंही नाव देत नाही.

प्रत्यक्षात काही लायब्रऱ्या स्वतःच्या सोयीसाठी आतून नाव लावून ठेवतात. ओपन एमपीआयमध्ये ‘आरडीएमए विंडो ३’ किंवा ‘यूसीएक्स विंडो ३’ असं काही दिसलं तर दचकू नका. पहिला शब्द वन-साइडेड कम्युनिकेशन सांभाळणाऱ्या आतल्या घटकाचा आहे. आकडा पाहून ‘ही माझी तिसरी विंडो’ असं मात्र समजू नका. तो त्या विंडोसाठी आतल्या आत बनवलेल्या कम्युनिकेटरचा क्रमांक असतो. सुरुवातीचे क्रमांक आधीच वापरलेले असतात, म्हणून कित्येकदा तुमच्या पहिल्याच विंडोला ३ मिळतो. मध्ये तुम्ही कम्युनिकेटर डुप्लिकेट किंवा स्प्लिट केलेत, तर आकडे आणखी पुढे सरकतात.

म्हणूनच ‘नाव रिकामं आहे का’ हे पाहून ‘विंडोला नाव दिलं गेलं का’ हे ठरवू नका. ती तपासणी एका लायब्ररीवर चालेल आणि दुसरीवर फसेल.

कम्युनिकेटरला नाव दिलं होतं. त्यावर बनवलेल्या विंडोला ते मिळतं का?

नाही. एमपीआयमध्ये नावं पुढे वाहत नाहीत. कम्युनिकेटर डुप्लिकेट केला तरी नव्या प्रतीला जुन्याचं नाव मिळत नाही, तिथे विंडोची काय कथा.

रँक ० वर नाव बरोबर येतं, बाकी रँकवर रिकामं. हा बग आहे का?

बग नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विंडो बनवणं हे सामूहिक काम आहे. त्या कम्युनिकेटरमधल्या प्रत्येक प्रोसेसनं विन-क्रिएट किंवा विन-अलोकेटला हाक मारावीच लागते. त्यामुळे आपसूक वाटतं की नाव देणंही सामूहिक असेल, एकानं दिलं की सगळ्यांना कळेल. तसं होत नाही. सेट-नेम आणि गेट-नेम दोन्ही निव्वळ स्थानिक आहेत. रँक ० नं दिलेलं नाव रँक ० च्या मेमरीत राहतं, नेटवर्कवर एक बाइटही जात नाही. ‘इफ रँक इज झिरो’च्या आत सेट-नेम लिहिलंत, तर बाकीच्या सगळ्या प्रोसेसच्या लेखी ती विंडो बेनाम आहे.

उपाय सोपा आहे: सेट-नेम इफच्या बाहेर काढा. विंडो बनवली की लगेच पुढच्या ओळीत, सगळ्या रँकवर, तेच नाव. सगळीकडे एकच नाव असावं अशी सक्ती नाही. डाव्या बाजूच्या रँकवर एक आणि उजव्या बाजूच्या रँकवर दुसरं नाव ठेवलंत तरी एमपीआय हरकत घेणार नाही. पण नावं असतात ती डीबगिंगसाठी. तिथेच दोन रँक एका वस्तूला दोन नावांनी हाक मारायला लागले, तर लॉग वाचणाऱ्याचे हाल होतात.

मोठ्या प्रोग्राममध्ये सगळ्या रँकवर नाव खरंच एक आहे का, हे एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. प्रत्येक रँकवर बफर आधी शून्यांनी भरा, त्यात गेट-नेमनं नाव घ्या, आणि एमपीआय-गॅदरनं सगळे बफर रँक ० कडे आणून जुळवा. १,००० रँक आणि ६४ बाइटचे बफर धरले तर रँक ० ला ६४,००० बाइट लागतात, म्हणजे काहीच नाही. बफर आधी शून्य का करायचा? नावाच्या पुढच्या जागेत कचरा राहिला असेल, तर पूर्ण बफर जुळवताना दोन सारखी नावंही वेगळी ठरतात.

नाव नक्की उपयोगी कुठे पडतं? प्रोग्राम तर नावाशिवायही चालतो.

चालतो. नाव दिल्यानं प्रोग्रामच्या वागण्यात तसूभरही फरक पडत नाही, हे स्टँडर्डच सांगतं. नाव कामी येतं ते प्रोग्राम पडतो तेव्हा.

सुरुवातीला म्हटलेली हकीकत अशी. आमचा कोड एका जाळीवर हवामानासारखं गणित करायचा आणि सीमेवरच्या ओळी शेजाऱ्यांच्या विंडोत लिहायचा. विंडो चार होत्या: दाब, तापमान आणि वाऱ्याचे दोन घटक. ८ प्रोसेसवर कोड उत्तम चालायचा, ६४ वर दर वेळी पडायचा. ओपन एमपीआय पडताना चार-पाच ओळी छापतं: एमपीआय-पुटमध्ये एरर आली, अमुक प्रोसेसनं कळवली, मग ‘ऑन विन’ आणि विंडोचं नाव, मग एररचा प्रकार. आमच्याकडे तो प्रकार होता आरएमए-सिंक, म्हणजे योग्य ते लॉक किंवा फेन्स (विंडोत लिहिण्या-वाचण्याची वेळ जुळवणाऱ्या हाका) नसताना पुट केलं गेलं. ‘ऑन विन’च्या पुढे होतं ‘आरडीएमए विंडो ६’.

चारपैकी कुठली विंडो ही? आम्ही तिघं दोन दिवस दाबाच्या विंडोचा कोड ओळीन् ओळ वाचत बसलो, कारण तोच सगळ्यात नवा होता आणि संशय त्याच्यावरच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैतागून मी चारही विंडोंना नावं दिली. चार ओळींचं काम. पुन्हा चालवलं तर ‘ऑन विन’च्या पुढे वाऱ्याच्या दुसऱ्या घटकाचं नाव. त्या फाइलमध्ये पाहिलं तर कोपऱ्यातल्या शेजाऱ्याचं लॉक घ्यायचं राहून गेलं होतं. ८ प्रोसेसवर जाळी पट्ट्यांत वाटली जायची, तेव्हा कोपऱ्यात शेजारीच नसायचा. ६४ वर ती चौकटींत वाटली गेली आणि कोपऱ्यात शेजारी आला. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.

तेव्हापासून विंडो बनवणारी आणि नाव देणारी ओळ मी एकाच छोट्या फंक्शनमध्ये ठेवतो. नाव दिल्याशिवाय विंडो बनवायला आमच्या कोडमध्ये दुसरी वाटच नाही. तुम्हालाही मी कळकळीनं हेच सांगेन: नावाचं काम ‘नंतर बघू’वर टाकू नका. कारण ‘नंतर’ म्हणजे रात्री अकरा वाजता, जॉब पडल्यावर.

एरर हँडलरमधून नाव छापता येईल का?

हो. लायब्ररी आपणहून नाव छापेल या भरवशावर राहण्यापेक्षा हा मार्ग अधिक खात्रीचा. विंडोचा मूळ एरर हँडलर ‘एरर्स-आर-फेटल’ असतो, म्हणजे चूक झाली की सगळं बंद. त्याऐवजी विन-क्रिएट-एररहँडलरनं आपलं फंक्शन नोंदवा आणि विन-सेट-एररहँडलरनं ते विंडोला लावा.

चूक होते तेव्हा तुमच्या फंक्शनला विंडोच्या हँडलचा पत्ता आणि एरर कोड मिळतो. त्या हँडलवर गेट-नेम चालवलं की नाव हातात. एरर कोडवर एमपीआय-एरर-स्ट्रिंग चालवलं की त्या एररचं वर्णन मिळतं. त्याचा बफर एमपीआय-मॅक्स-एरर-स्ट्रिंग इतका हवा, नावाच्या स्थिरांकाशी त्याची गल्लत करू नका. रँक हवा असेल तर विन-गेट-ग्रुपनं विंडोचा ग्रुप घ्या आणि ग्रुप-रँक विचारा, किंवा रँक आधीच एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवा. मला दुसरी पद्धत आवडते, कारण चूक झाल्यानंतर एमपीआयला जितकं कमी विचारावं तितकं बरं. तिन्ही गोष्टी एका ओळीत स्टँडर्ड एररवर छापा, एफ-फ्लश करा, मग एमपीआय-अॅबॉर्ट. स्टँडर्ड एररऐवजी स्टँडर्ड आउटपुटवर छापलंत आणि फ्लश विसरलात, तर कित्येकदा नेमकी तीच ओळ बफरमध्ये राहून जाते.

एक खाच लक्षात ठेवा. विंडो बनवतानाच चूक झाली, तर विंडोचा हँडलर चालत नाही, कारण विंडो अजून जन्मलेलीच नसते. ती चूक कम्युनिकेटरच्या हँडलरकडे जाते.

फोर्ट्रानमध्ये नावापुढे रिकाम्या जागा का येतात?

फोर्ट्रानच्या स्ट्रिंगला शेवटचा शून्य नसतो. नाव बफरमध्ये लिहून उरलेली जागा स्पेसनी भरली जाते. मिळालेल्या लांबीपर्यंतच स्ट्रिंग कापून घ्या किंवा ट्रिम वापरा. इथे शून्याला जागा सोडावी लागत नाही, पण स्थिरांकच सी भाषेतल्यापेक्षा एकनं कमी असतो, म्हणून ओपन एमपीआयमध्ये नावाला इथेही ६३ च अक्षरं मिळतात. नाव देताना सुरुवातीच्या स्पेस धरल्या जातात, शेवटच्या धरल्या जात नाहीत. म्हणून नावाआधी चुकून स्पेस पडली तर ती तशीच राहील आणि जुळवाजुळवीत फसवेल.

नवा कोड लिहीत असाल तर एमपीआय-एफ-०८ मॉड्यूल घ्या. तिथे विंडो हा स्वतंत्र टाइप आहे. जुन्या पद्धतीत विंडो, कम्युनिकेटर आणि डेटाटाइप सगळे साधे पूर्णांक, त्यामुळे गेट-नेमला चुकून कम्युनिकेटर दिला तरी कंपायलर गप्प राहतो.

पायथनमध्ये?

एमपीआय-फॉर-पाय वापरत असाल तर बफर, लांबी, शून्य कशाचीच चिंता नाही. विंडोच्या वस्तूवर गेट-नेम ही मेथड आहे, ती थेट स्ट्रिंग परत करते. त्याहून सोपं म्हणजे ‘नेम’ ही प्रॉपर्टी: डाव्या बाजूला लिहिली की नाव दिलं जातं, उजव्या बाजूला लिहिली की मिळतं. लांबीची मर्यादा मात्र तीच, कारण खाली लायब्ररी तीच आहे.

नाव देवनागरीत ठेवलं तर चालेल का?

हा प्रश्न पुण्यातल्या एका विद्यार्थिनीनं विचारला होता आणि मला तो फार आवडला. चालतं. लायब्ररी नावाकडे बाइटची ओळ म्हणून बघते, त्याचा अर्थ लावत नाही. सोर्स फाइल आणि टर्मिनल दोन्ही यूटीएफ-८ असतील, तर ‘तापमान’ जसंच्या तसं परत येतं.

फक्त हिशेब बाइटांचा ठेवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘तापमान’ दिसायला चार अक्षरं, पण त, काना, प, म, काना, न अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. गेट-नेमनं दिलेली लांबीही १८ येईल. ‘क्ष’ एकटा ९ बाइट खातो: क, हलंत, ष. ओपन एमपीआयच्या ६३ बाइटांत अशी २१ चिन्हं बसतात, एमपिचच्या १२७ मध्ये ४२.

त्यापलीकडे नाव गेलं तर कापणारा बाइट मोजून कापतो, अक्षर पाहत नाही. ६३ ला ३ नं पूर्ण भाग जातो, त्यामुळे निव्वळ देवनागरी नाव निदान चिन्हाच्या कडेवर तुटतं, मग एखादी मात्रा गेली किंवा हलंत लोंबकळत राहिला तरी. नावात एक अंडरस्कोर किंवा इंग्रजी अंक आला की काप चिन्हाच्या मधोमध पडू शकतो. १२७ ला ३ नं भागलं तर १ उरतो, म्हणजे एमपिचवर लांबलचक शुद्ध देवनागरी नावाच्या शेवटी एक अनाथ बाइट राहतो आणि टर्मिनलवर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. नावं छोटी ठेवा, मग यातलं काहीच होत नाही. प्रोफाइलर आणि डीबगर देवनागरी दाखवतील का, हे त्या त्या साधनावर आहे. वापरण्याआधी एकदा करून पाहा.

नावावरून विंडो शोधता येते का? लुकअप-नेम नावाचं फंक्शन दिसलं.

नाही. हँडलवरून नाव मिळतं, नावावरून हँडल मिळत नाही. दोन विंडोंना एकच नाव देता येतं, तेव्हा उलटा शोध घेणार तरी कसा? एमपीआय-लुकअप-नेम खरंच आहे, पण ते पोर्टसाठी. वेगवेगळे सुरू केलेले दोन प्रोग्राम एकमेकांशी जोडताना एकानं पब्लिश-नेम करायचं आणि दुसऱ्यानं लुकअप-नेम. विंडोशी त्याचा संबंध नाही. नावावरून विंडो हवीच असेल, तर आपलीच एक यादी ठेवा.

डेव्ह-एसएचएममध्ये दिसणाऱ्या फाइलींची नावं हीच का?

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. लिनक्सवर एकाच नोडच्या प्रोसेसमध्ये मेमरी वाटून घेताना लायब्रऱ्या बरेचदा डेव्ह-एसएचएम फोल्डरमध्ये फाइली बनवतात. त्यांची नावं लायब्ररी स्वतः ठरवते. सेट-नेमनं तुम्ही दिलेलं नाव तिथे कधीच दिसणार नाही, आणि तिथलं नाव गेट-नेममधून येणार नाही. पॉझिक्सच्या एसएचएम-ओपनला दिलेलं नाव प्रोसेसना एकमेकांची मेमरी शोधायला उपयोगी पडतं, एमपीआयचं नाव फक्त माणसांना वाचायला.

प्रोग्राम मध्येच मेला तर त्या फाइली मागे राहू शकतात आणि नोडची मेमरी अडवून बसतात. साफ करताना त्या आपल्याच आहेत आणि आपला दुसरा जॉब त्या नोडवर चालू नाही, एवढं बघा.

विन-अलोकेट-शेअर्ड प्रत्येक नोडवर वेगळी विंडो बनवतं. मग नावं कशी ठेवावीत?

आधी कॉम-स्प्लिट-टाइपनं एका नोडवरच्या प्रोसेसचा कम्युनिकेटर बनतो आणि त्यावर विंडो. १० नोड असतील तर खरं तर १० वेगळ्या विंडो असतात, पण कोडमध्ये ओळ एकच असल्यानं सगळ्यांना एकच नाव मिळतं. लॉगमध्ये ‘तक्ता’ या विंडोत चूक दिसते, पण कुठल्या नोडवरच्या तक्त्यात ते कळत नाही.

गेट-प्रोसेसर-नेमनं नोडचं नाव घेऊन विंडोच्या नावात जोडा. फक्त क्रम सांभाळा: क्लस्टरवर नोडची नावं कधीकधी डोमेनसकट लांबलचक येतात आणि प्रोसेसर-नेमची मर्यादा वेगळी असू शकते. विंडोचं खरं नाव आधी आणि नोडचं नंतर ठेवलंत, तर कापलं गेलं तरी डोमेनचं शेपूट जाईल, महत्त्वाचा भाग राहील.

डायनॅमिक विंडोला जोडलेल्या प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव देता येतं का?

नाही. विन-अटॅचनं कितीही तुकडे जोडा, नाव विंडोचं एकच. तुकड्यांची नोंद पत्त्यासकट स्वतः ठेवावी लागते.

फेन्सच्या मध्ये, लॉक घेतलेलं असताना गेट-नेम चालतं का? वेळ किती लागतो?

कधीही चालतं. विंडो बनल्यानंतर आणि ती फ्री होण्याआधी, एवढंच बंधन. कुणाशी बोलणं नाही, कुणाची वाट पाहणं नाही, काही बाइट कॉपी होतात इतकंच. तरीही आतल्या लूपमध्ये दर फेरीला नाव विचारायची गरज नाही.

प्रोफाइलर ही नावं वापरतात का?

एमपीआयच्या प्रत्येक फंक्शनला पी-एमपीआय असं दुसरं नाव असतं. प्रोफाइलिंग साधनं मूळ नावानं मध्ये शिरतात, नोंद करतात आणि खऱ्या फंक्शनला पी-नावानं हाक मारतात. त्यामुळे सेट-नेमची हाक त्यांना ऐकू जाते, आणि गेट-नेम त्यांना स्वतःलाही वापरता येतं. पुण्यात सीडॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला तेव्हा एमपीआय जन्मायचा होता आणि प्रत्येक यंत्राची संदेश पाठवायची तऱ्हा निराळी होती. आज एकाच स्टँडर्डमुळे लॅपटॉपवर दिलेलं विंडोचं नाव मोठ्या क्लस्टरवरच्या प्रोफाइलमध्येही तसंच दिसू शकतं. हवामानाच्या किंवा रेणूंच्या मोठ्या कोडवर पुण्या-मुंबईत काम करणाऱ्यांनी ही सोय वाया घालवू नये.

विंडो फ्री केल्यावर नाव विचारलं तर?

विन-फ्रीनंतर हँडल विन-नल होतं, तुमचं दिलेलं नाव विंडोबरोबरच गेलेलं असतं. बंद करताना ‘अमुक विंडो सोडली’ असं लॉगमध्ये हवं असेल, तर नाव फ्रीच्या आधी घ्या आणि ओळ नंतर छापा. विन-फ्री सामूहिक आहे. एखादा रँक तिथपर्यंत पोहोचलाच नाही, तर बाकीचे तिथे अडकू शकतात. म्हणून मी फ्रीच्या आधी ‘सोडतोय’ आणि नंतर ‘सोडली’ अशा दोन ओळी छापतो, दोन्हीत नाव आणि रँक. ज्या रँकची पहिलीही ओळ दिसत नाही, तो रँक आधी तपासायचा.